मंगळवारची हाक

दुकानात चप्पल घ्यायला गेले की मी आधी चपलेत हात घालते, पाय नंतर. तळव्यानं सगळी चप्पल चाचपते, पट्ट्याखालून बोट फिरवते, टाचेशी जरा थांबते. दुकानदार बघत राहतात. पुण्याच्या एका दुकानदारानं मला बजावलं होतं की मॅडम, माल नवीन आहे, कालच आलाय. मी म्हटलं, नवीन आहे म्हणूनच बघतेय. आता या वयात काही ही सवय सुटणार नाही. ज्यांनी ती लावली त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. शाळेतले मास्तर नव्हेत, चपलांचे.

अकोल्याहून अकोटकडे जाताना मधेच एक फाटा फुटतो. त्या आतल्या रस्त्याला तेव्हा कुष्ठरोग्यांचा एक लहानसा मिशन दवाखाना होता. चाळीसेक खाटा, एक छोटं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, कडुनिंबाची झाडं, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली मास्तरांचं चपलांचं खातं. कुष्ठरोगानं पाय बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही, खडा दिवसभर टोचला तरी कळत नाही. मग जखम होते, चिघळते, आतलं हाड सडतं आणि बोटं जातात. म्हणून तिथं चप्पल म्हणजे निम्मं औषध. मास्तर प्रत्येकाचा पाय खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारायचे, जखमेच्या जागी फुली करायचे, आणि त्या फुलीखाली रबर जास्त मऊ येईल अशी चप्पल कापायचे. एका पायाची चप्पल दुसऱ्या कुणाच्या पायात जायची नाही. कधी कधी तर त्याच माणसाच्या दुसऱ्या पायातही जायची नाही.

चप्पल तयार झाली की मास्तर डोळे मिटायचे आणि तिच्यात हात घालायचे. अगदी सावकाश, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. मी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि मला भरून आलं. वाटलं, काय भक्तिमान माणूस आहे, प्रत्येक चपलेवर हात ठेवून प्रार्थना करतो. मी आपली हात जोडून दारात उभी. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"प्रार्थना नाई हे. कुठं टोचते का ते पाहून राहिलो. त्याईचे पाय बोलत नाईत, म्हनून मायाच हाताले आयकाव लागते."

ओळख झाली ती अशी.

दिसायला अगदी साधे. काळे, उंच, मान जरा पुढे आलेली, गुडघ्यावर कायम रबराचा भुगा. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं की सांगायचे, टाइम नाई भेटला. सगळं मिशन संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायचं तेव्हा हे पायरीवर बसून खेळणाऱ्यांचे पाय बघायचे. माणसाच्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नसायचं. मंडळीतला कोण कुठला ते त्यांना चालीवरून कळायचं, आणि नाव विसरलं तरी टाच विसरायची नाही. प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही चपला बाहेर काढून वेदीपुढे गुडघे टेकतो. मागच्या बाकावरून सगळ्यांचे तळवे ओळीनं दिसतात. मास्तर कायम त्या मागच्या बाकावर. नवीन आलेल्या पाळकसाहेबांना वाटलं, हा माणूस फार नम्र, मान खाली घालून बसतो. मग एका रविवारी उपासना संपल्यावर मास्तरांनी त्यांना दारातच गाठलं आणि सांगितलं की तुमच्या डाव्या टाचेला भेग पडली आहे, तुम्ही वाकडं चालून राहिले, कंबर धरेल. पाळकसाहेब नाराज झाले. पुढच्या रविवारी त्यांनी उपासनेत मन इकडेतिकडे भटकण्यावर संदेश दिला. मास्तर त्यांच्या टाचेकडे बघत तो शांतपणे ऐकत होते. महिन्याभरानं पाळकसाहेब कंबर धरून खात्यात आले, ते मात्र खरं.

देवाशी त्यांचं बोलणं दिवसभर चालायचं. मोठ्यानं, वऱ्हाडीत, अरेतुरेत. घरातला एखादा रिकामटेकडा भाऊ समोर बसलाय आणि याचे हात रापीनं रबर कापताहेत, तसं. "थांब थोळं, आता रापी चालून राहिली." "हे तू बराबर नाई केलं, बुढीचा चांगला पाय होता." जाहीर प्रार्थना करायला सांगितली तर मात्र एकच वाक्य, देवा, तू पाहूनच राहिला, आमेन. लोकांचे डोळे मिटायच्या आत संपायची. म्हणून त्यांना कुणी प्रार्थनेला उठवत नसे. आणि साक्षीच्या सभेला तर ते यायचेच नाहीत. आमच्यात साक्षीची सभा म्हणजे एकेकानं उभं राहून सांगायचं की प्रभूनं आपल्याला कसं बोलावलं, कुठल्या वेळी, कुठल्या वचनातून. त्याला पाचारण म्हणतात. मास्तरांना निरोप गेला की उत्तर ठरलेलं. रबर चिकटवायचं सोल्यूशन लावलंय, वाळून राहिलं, सोडून येता येत नाही.

एकदा मी विचारलं, तुम्ही इतकं बोलता, तो काही बोलतो का? म्हणाले, नाई. मीच बोलतो. तो काई बोलत नाई. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला धक्काच बसला. आमच्याकडे असं कुणी कबूल करत नाही.

मला धक्का बसायचं कारण होतं. मी स्वतः त्याच एका आवाजाची वाट बघत जन्मभर बसले होते.

माझ्याआधी माझ्या आईची दोन मुलं गेली. तिसऱ्या वेळी, म्हणजे माझ्या वेळी, आईनं प्रभूला शब्द दिला की हे जगलं तर हे तुझ्या सेवेला. मी जगले. झालं. आई अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन होती, तिथल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं की ही सेवेची आहे. मी गणितात नापास झाले तर आई म्हणायची, सेवेला गणित कशाला. मी नाटकात नाव दिलं तर म्हणायची, सेवेच्या मुलीनं तोंडाला रंग लावू नये. मला राग यायचा का? यायचा तर. पण त्याहून जास्त भीती वाटायची. कारण सेवा म्हणजे नेमकं काय, हे तर त्यानंच सांगायचं होतं ना, ज्याची सेवा त्यानं? माझं नाव घेऊन हाक येईल, असं मला वाटायचं. बाकी लोकांना येते असं ते सांगतात. मी गादीवर पडून ऐकलं, गच्चीवर जाऊन ऐकलं, सभेत पुढे या म्हटलं तेव्हा तीन वेळा पुढे गेले, रडले, डोक्यावर हात ठेवून घेतले. काही नाही. कबुतरं घुमायची तेवढी.

हाक येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून मी व्यायामोपचाराचा छोटा कोर्स केला आणि त्या मिशन दवाखान्यात लागले. सकाळी जखमा धुवायच्या, पट्ट्या करायच्या, वाकड्या झालेल्या बोटांचा व्यायाम घ्यायचा. दुपारी चपलांच्या खात्यात मदत करायची. एक वर्षासाठी गेले होते, चार वर्षं राहिले.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून जे झालं ते मी कुठल्याही व्यासपीठावरून खरं सांगितलेलं नाही. इथं सांगते.

अमरावतीला तीन दिवसांची उपास-प्रार्थना होती. आईचा निरोप होता, यंदा नक्की ये, यंदा तो बोलणार. मी निघायच्या घाईत होते, साडेबाराची एसटी पकडायची होती. मास्तर रबर आणायला अकोल्याला गेलेले. तेवढ्यात तेल्हाऱ्याची एक आजी आली. फुलांची शेती असलेल्या घरातली, येताना नेहमी पदरात झेंडू बांधून आणायची. तिच्या चपलेचा पट्टा उसवला होता. तो शिवायला अर्धा तास लागला असता. खात्यात खिळ्याला सक्त मनाई होती. खिळा एकच ठिकाणी चालायचा, पायांचे कागद फळीला ठोकायला. मी त्यातला एक बारीक खिळा घेतला, पट्टा तात्पुरता ठोकला, आजीला म्हटलं, बसा, मास्तर येऊन शिवतील. आणि पळाले. आजी थोडा वेळ बसली असेल. मग चप्पल तर झालीय, असं म्हणून ती पायात घालून घरी गेली.

अमरावतीला आम्ही शंभरेक जण सतरंजीवर बसलो होतो. पहिला दिवस गाण्यांत गेला. दुसऱ्या दिवशी शांत बसायचं होतं, एक शब्द न बोलता, प्रभूचा आवाज ऐकायला. मी डोळे मिटले. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो खिळा आला. मी तो नीट आत ठोकला होता का, की टोक वर राहिलं? आजी थांबली असेल ना? मी तो विचार झटकला. परत आला. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की प्रार्थनेत बसलं की सैतान घरची कामं आठवून देतो, दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला. म्हणून मी मनातल्या मनात सैतानाला धमकावलं. तो हटेना. खिळा, खिळा, खिळा. मी दोन दिवस उपाशीपोटी त्या खिळ्याशी भांडले, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदाचं मन रिकामं झालं तेव्हा मला वाटलं, जिंकले.

सोमवारी परत आल्यावर मास्तरांना सहज विचारलं, तेल्हाऱ्याच्या आजीचा पट्टा शिवला ना, मी खिळा ठोकून ठेवला होता? त्यांनी हातातली रापी खाली ठेवली. अंगावरच्या कपड्यानिशी निघाले, अकोटवरून तेल्हाऱ्याची गाडी धरली. रात्रीपर्यंत आजीला घेऊन आले. चार दिवस ती त्या खिळ्यावर चालली होती, बागेत फुलं तोडली होती, बाजार केला होता. पायाखाली काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. अडीच महिने ती वॉर्डात होती. एक बोट काढावं लागलं. तिची पट्टी रोज मीच करायचे, आणि ती मला म्हणायची, तुले लय काम पडते माये. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मास्तर मला आठ दिवस काही बोलले नाहीत. मग मीच एका दुपारी रडत सगळं सांगितलं, तो प्रार्थनेतला खिळा, सैतानाशी भांडण, सगळं. ते रबर घासत होते. घासणं न थांबवता म्हणाले,

"दोन दिवस देव तुले खिळा खिळा म्हनून राहिला, अन् तू त्याले चूप बसवून राहिली."

बस, एवढंच. पुन्हा त्यांनी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. हे आज मी स्पष्ट लिहिते, तेव्हा मला हे कळलं नव्हतं. मी पाय कागदावर काढायला शिकले, रबर कापायला शिकले, बोटांनी टोचणारी जागा ओळखायला शिकले. मास्तर शिकवायचे नाहीत, चूक झाली की नुसतं काम परत ठेवायचे माझ्यापुढे. एकदा बार्शीटाकळीच्या एका म्हाताऱ्याची चप्पल त्यांनी सात वेळा परत ठेवली. आठव्या वेळी हात घातला, डोळे मिटले, आणि चप्पल तशीच म्हाताऱ्याच्या पायाशी नेऊन ठेवली. शाबासकी वगैरे काही नाही. मी त्या दिवशी जेवताना एकटीच हसत होते. चार वाजता मास्तर स्टोवर चहा ठेवायचे, भरपूर साखरेचा, आणि चहा उकळेपर्यंत एखाद्या भजनाचं फक्त धृपद गायचे. कडवी त्यांना येत नसत. तेच धृपद पंधरा वेळा. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता ते पुन्हा ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन.

पण मी त्या तीन वर्षांतसुद्धा वाटच बघत होते. हे काम आहे, चांगलं आहे, पण ते बोलावणं अजून यायचंय, असंच मनात. आई दर पत्रात विचारायची, काही ऐकलंस का?

चौथ्या वर्षी चर्चच्या वडीलमंडळींनी ठरवलं की एका मुलीला सेविकेच्या शिक्षणाला नागपूरला पाठवायचं. जागा एक. अट अशी की तिनं मंडळीपुढे उभं राहून आपल्या पाचारणाची साक्ष द्यायची. आई आदल्या दिवशीच आली. तिची तब्येत तोवर उतरली होती. त्या रविवारी ती पांढरी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या बाकावर बसली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. मला खरं सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं की मला काही ऐकू आलेलं नाही. मी आईकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते आता होणार, असा तिचा चेहरा होता. आणि मी बोलायला लागले. म्हटलं, गेल्या मंगळवारी पहाटे मी पट्ट्यांच्या खोलीत एकटी होते, आणि मला माझं नाव घेऊन हाक आली. दोनदा. मी वळून पाहिलं, कुणी नव्हतं. मग आवाज आला की हे सोड आणि माझ्यामागे ये.

मी किती सफाईनं बोलले. माझंच मला आश्चर्य वाटलं. बायका रडत होत्या. आई उठून उभी राहिली. मागच्या बाकावर मास्तर होते. त्या दिवशी सोल्यूशन वाळत नव्हतं म्हणायचं. पहिल्यांदाच साक्षीला आले होते, आणि पहिल्यांदाच ते पायाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी निघाले त्या दिवशी ते फाट्यावर आले नाहीत. मी खात्यात जाऊन सलाम केला. त्यांनी मान हलवली, रबर कापत राहिले. मला वाईट वाटलं, रागही आला. वाटलं, चार वर्षांत या माणसाला माझं एवढंही नाही. थांब म्हणू नका, पण बरं वाटलं असं तरी म्हणा. काही नाही.

मी सेविका झाले. आईनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि तीन वर्षांत ती गेली, समाधानानं गेली. मी वसतिगृहं सांभाळली, महिला संघ चालवला, आता पुण्याला असते आणि ठिकठिकाणी बोलायला जाते. विषय बहुतेक वेळा एकच असतो, देवाचा तुमच्या जीवनासाठी काय हेतू आहे. मी चांगली बोलते. बायका वह्या घेऊन बसतात. नंतर एखादी पोर येते, माझा हात धरते आणि विचारते, ताई, तुम्हाला कसं कळलं? मग मी मंगळवारची हाक सांगते. सतरा-अठरा वर्षं सांगते आहे. ती पोर चमकत्या डोळ्यांनी परत जाते आणि गच्चीवर जाऊन ऐकत बसत असेल. मला माहीत आहे तिथं काय ऐकू येतं. तरी मी सांगते. वाईट याचंच वाटतं की ही सगळी सेवा खोटी नव्हती, मी मनापासून केली, कितीतरी मुली मार्गाला लागल्या. पण दुपारचे चार वाजले की कुठंही असले तरी माझे हात रिकामे वाटतात. काहीतरी कापायचं राहिलंय, कुणीतरी पाय कागदावर ठेवून बसलंय आणि मी उठून आलेय, असं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीला महिला संघाची मोठी सभा होती. विषय तोच. मी आगगाडीनं अकोल्याला उतरून पुढे बसनं जाणार होते. अकोल्याच्या एका जुन्या ओळखीच्या बाईंनी फोनवर सांगितलं की मास्तर अकोल्यातच भाचीकडे असतात, अंथरुणाला खिळलेत, दिसत नाही. दवाखान्यातलं चपलांचं खातं केव्हाच बंद झालं होतं, चपला आता तयार येतात. मी ठरवलं, दोन तास थांबू आणि चारच्या गाडीनं अमरावती.

भाचीनं मला आतल्या खोलीत नेलं. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, पांघरूण मांडीवर. फार लहान झाले होते. मी सलाम म्हटलं तर त्यांनी लगेच ओळखलं. माझं सगळं विचारलं, आई कवा गेली, कुठं असते, जेवते का बराबर. कुठं चालली, म्हणून विचारलं. मी सांगितलं, अमरावतीला, आणि विषयही सांगितला. ते हसले. भाचीच्या कुकरची शिट्टी झाली.

"एक इचारू का तुले? लय वर्सापासून मनात हाये."

विचारा म्हटलं.

"त्या मंगळवारी तुले नेमकं काय आयकू आलं? आवाज कसा होता त्याचा? मोठा होता का बारीक? मले त कधी काई आयकू आलं नाई. सारी उमर मीच बोललो. आता जायाच्या आंदी कोनाकून तरी समजाव, म्हनून इचारतो."

ज्या माणसानं जन्मभर साक्षीची सभा टाळली, तो माझ्या त्या मंगळवारच्या हाकेवर विश्वास ठेवून बसला होता. मी त्यांना मोठा म्हणू शकले असते, बारीक म्हणू शकले असते. इतक्या जणींना सांगितलं होतं, आणखी एका म्हाताऱ्या माणसाला सांगायला काय जात होतं? त्यांनी कान माझ्याकडे केला होता.

मी म्हटलं, "मास्तर, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोलले. आईसाठी."

त्यांचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, आता हे मला जा म्हणतील. मी रडायला लागले, आवाज न करता, त्यांना दिसत नव्हतं तरी. मग ते बोलले, आणि माझ्याशी बोलताहेत की दुसऱ्या कुणाशी, ते मला आधी कळेना.

त्या रविवारच्या आधी, म्हणाले, त्यांनी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, की माझ्यामागं खातं या पोरीला द्या, तिचा हात चांगला आहे, मी तिला कायमची ठेवून घेतो. डॉक्टर हो म्हणाले होते. मला सांगायचं तेवढं राहिलं होतं. रोज सकाळी खात्यात आलं की त्यांच्या मनात एकच यायचं, हिला थांबव म्हण. आठ दिवस तेच. रापी उचलली की तेच, चहा ठेवला की तेच. त्यांना लाज वाटायची. वाटायचं, मी कोण सांगणार, परक्याची लेक, हिचं पुढं लग्न व्हायचं, शिक्षण व्हायचं. रविवारी उपासना झाल्यावर सांगू, असं ठरवून ते देवळात आले. तेव्हाच मी उठून साक्ष दिली.

"मंग मी म्हनलं, खुद्द त्यानं इले बोलावलं, आता मी कायले मधात तोंड घालू. चूप राहिलो." त्यांनी पांघरुणाचं टोक चिमटीत धरलं. "आठ दिवस तो मले म्हनून राहिला, इले थांब म्हन. मी त्याले म्हनलं, तुले पायजे त तूच सांग तिले."

मी म्हटलं, तुम्ही एकदा म्हणाला असता तर मी थांबले असते. दुसऱ्या कुठल्या हाकेची वाट बघितली नसती.

"खरंच थांबली असती?"

हो म्हटलं.

त्यांनी मान भिंतीला टेकवली. पापण्यांतून पाणी येत होतं, त्यांनी पुसलं नाही. बाहेर भाची कुणाला तरी भाजीचा भाव विचारत होती. इतक्या वर्षांचं काय करायचं, ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं तर साडेतीन होऊन गेले होते. बॅग उचलायला उठले, तेव्हा खाटेची पट्टी करकरली आणि त्यांनी हात पुढे केला. हवेतच, माझा हात कुठं आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

"आता म्हनलं त चालते का?"

मी विचारलं, काय म्हणायचं?

"थांब," ते म्हणाले. "जाऊ नको."

मी अमरावतीला फोन लावला. महिला संघाच्या बाई म्हणाल्या, अहो, उद्या दहाला तुमचाच संदेश आहे, दोनशे बायका येणार आहेत, विषय छापलाय. मी म्हटलं, मला थांबायला सांगितलंय. कुणी, असं त्यांनी विचारलं, जरा घाबरून, कुणी आजारी आहे की काय म्हणून. मी म्हटलं, सांगते नंतर, आणि ती मंगळवारची गोष्टही सांगायची आहे तुम्हाला, खरी. फोन बंद करून मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. काय करू, म्हणून मास्तरांना विचारलं. काई नाई, बस, असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि थोड्या वेळानं तसेच झोपले. चारची गाडी गेली. सहाची गेली. ते जागे झाले तेव्हा त्यांनी आधी हात हलवून पाहिला, मी आहे की नाही ते. मी होते.